गेज चुकलं होतं, आणि जॉबही

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. कंपनीत वार्षिक मेडिकल होतं. कँटीनची टेबलं भिंतीला सरकवून रांग केली होती. दारापाशी वजन-उंची, मग डोळे, मग रक्त आणि अगदी शेवटी, भांडी घासायच्या मोरीजवळ, बीपी.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याची स्टँडर्ड रूम सांभाळतो. सत्तावीस वर्षं झाली. लाइनवरचे व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल, प्लग गेज अशी मोजायची साधनं (सरसकट आम्ही गेजच म्हणतो) ठरलेल्या मुदतीत माझ्याकडे येतात. मी तपासतो, हिरवं स्टिकर लावून परत पाठवतो, नाहीतर लाल लावून कपाटात टाकतो. थोडक्यात, दुसऱ्यांच्या मोजमापावर संशय घ्यायचा मला पगार मिळतो.

त्या दिवशी नेमकं कस्टमरचं ऑडिट होतं. सकाळपासून तीन चहा झालेले, बाथरूमला जायचं दोनदा राहिलेलं. सव्वाबाराला शिपाई सांगत आला, "साहेब, मेडिकलवाले आवरायला लागलेत, तुमचंच राहिलंय." दोन जिने पळत उतरलो. बीपीच्या टेबलाशी बिनपाठीचं स्टूल. तिथल्या मुलाने बाही वर न करता शर्टावरूनच पट्टा गुंडाळला. हात माझ्या मांडीवर. मशीन घुर्र करत फुगत असताना तो फॉर्म भरत होता, "सर, शुगर आहे? घरात कुणाला बीपी? तंबाखू?" मी आपला उत्तरं देतोय. पट्टा सैल झाला. १६४/१०२.

"सर, आजच्या आज डॉक्टरला दाखवा," तो मान वर न करता म्हणाला. मागे उभा असलेला मेंटेनन्सवाला म्हणाला, "तरी मी सांगत होतो, ऑडिट एवढं मनाला लावून घेऊ नका." सगळी रांग हसली. मीही हसलो.

संध्याकाळी अंबड लिंक रोडने सिडकोत घरी येताना मात्र हसू आलं नाही. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी झटक्याने गेले. डावी बाजू लुळी पडली आणि चौथ्या दिवशी संपलं. मी आता बावन्नचा. सिग्नलला गाडी थांबली की डाव्या हाताची बोटं हलवून बघत होतो.

घरी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भीती ओसरली आणि राग आला.

आमच्याकडे लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरतात. जगभर तसंच आहे. म्हणून माझी खोली बारा महिने २० अंशांवर असते आणि मे महिन्यात लोक काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन उभे राहतात. शॉपवरून आलेला जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला तुकडा, आम्ही लगेच मोजत नाही. ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग हात लावायचा. १०० मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा २० अंशांनी जास्त गरम असेल तर तो सुमारे २३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवीस हजारांश, लांब भरतो. आमच्याकडे एवढ्या फरकात अख्खा लॉट रिजेक्ट होतो. नवीन पोरगं घाईघाईने गरम जॉब मोजायला लागलं की मी एकच म्हणतो, "त्याला जरा बसू दे रे."

मला कुणी बसू दिलं होतं?

मी ठरवलं की १६४ हे रीडिंग मला मान्य नाही. अपील करायचं. मनात कुठेतरी पक्कं होतं की गेज चुकीचं निघणार आणि आपण सुटणार.

शनिवारी सुट्टी होती, गोळे कॉलनीत गेलो. नाशिककरांना सांगायला नको. त्या गल्ल्यांत औषधांची घाऊक दुकानं एकाला एक चिकटून आहेत आणि हातगाडीवरची खोकी चुकवत चालावं लागतं. दुकानदाराने तीन मशिनं समोर मांडली. मी खिशातून शिंप्याची टेप काढून त्याच्यासमोरच दंड मोजला. कोपर आणि खांद्याच्या मधोमध, ३५ सेंटिमीटर. खोक्यातल्या पट्ट्यावर छापलेलं होतं, २२ ते ३२. "काका, सगळ्यांना हाच बसतो," दुकानदार म्हणाला. बसतो, ते मलाही दिसत होतं. शेवटी ४२ पर्यंतचा पट्टा त्याने समोरच्या दुकानातून मागवून दिला.

पट्ट्याच्या मापाचं हे भांडण यंत्राइतकंच जुनं आहे. १८९६ मध्ये इटलीतल्या रिवा-रोच्ची नावाच्या डॉक्टरने दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी अशी जोडणी केली. पट्टा फुगवायचा, मनगटातली नाडी लागेनाशी झाली की पारा कुठे आहे ते बघायचं. कल्पना उत्तम, पण पट्टा अरुंद होता, पाचेक सेंटिमीटरचा. अरुंद पट्ट्याला आतली रोहिणी दाबायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून आकडा फुगून येतो. पाच वर्षांनी, १९०१ मध्ये, रेक्लिंगहाउझेन नावाच्या जर्मन डॉक्टरने हे दाखवून दिलं आणि पट्टा रुंद झाला. सव्वाशे वर्षं उलटली, तरी जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळणं चालूच आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये यावर नीट चाचणी झाली. ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी पाचेक पॉइंटने जास्त येतो. ज्यांना त्याहून मोठा लागतो त्यांच्यात जवळजवळ वीस. दंड फार बारीक आणि पट्टा मोठा असला की उलटं, आकडा कमी येतो.

हाताच्या उंचीचा हिशेब मी स्वतः मांडला. आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकातलंच गणित आहे. रक्त म्हणजे शेवटी द्रव. हात हृदयापेक्षा खाली असेल तर तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या खांबाचं वजन रीडिंगमध्ये येऊन बसतं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, रक्त पाण्यापेक्षा किंचित जड. म्हणजे पट्टा हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली असला की पावणेआठ मिलिमीटर पारा फुकटात वाढला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी २०२४ मध्ये प्रत्यक्ष माणसांवर मोजून दाखवलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी चारने जास्त, बाजूला लोंबत ठेवला तर साडेसहाने. गणित आणि माणूस इतक्या जवळ येतात हे बघून मला बरं वाटलं.

याच गणिताने मी एका घोडीचंही बीपी काढलं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्रीने जमिनीवर जखडलेल्या जिवंत घोडीच्या रोहिणीत नळी बसवली आणि उभ्या काचेच्या नळीत रक्त किती चढतं ते पाहिलं. १७३३ मध्ये त्याने ते छापलं. रक्त चढलं सव्वाआठ फूट. म्हणजे आपल्या भाषेत १९० च्या पुढे. घोड्याचं एरवी इतकं नसतं. पण जखडून मांडीत नळी खुपसल्यावर कुणाचं वाढणार नाही? जगातलं अगदी सुरुवातीचं बीपी रीडिंगच भेदरलेल्या जिवाचं आहे. कँटीनच्या रांगेतल्या मला ती घोडी आपली वाटली.

मशीन घरी आणलं आणि सवयीप्रमाणे आधी त्याची माहितीपत्रिका वाचली. तिथे मला धक्का बसला. माझी समजूत अशी होती की डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकतात तसंच हे यंत्र काहीतरी ऐकत असेल. डॉक्टर जे ऐकतात ते कोरोटकॉव्ह नावाच्या रशियन शल्यविशारदाने १९०५ मध्ये सांगितलेले आवाज. पट्टा सैल करत आणताना रक्त रोहिणीतून पहिल्यांदा उसळून जातं तेव्हा टक-टक सुरू होते, तो वरचा आकडा. रोहिणी पूर्ण उघडली की आवाज बंद, तो खालचा. घरचं मशीन यातलं काही ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीचे जे बारीक हेलकावे बसतात ते ते मोजतं. हेलकावे सर्वांत मोठे जिथे, तिथे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून कंपनीच्या सूत्राने काढतात, आणि सूत्र ज्या त्या कंपनीचं गुपित! आम्ही ज्याच्याकडे बघून औषधं घेतो ते दोन्ही आकडे हिशेबाने आलेले. म्हणूनच माणसांवर तपासून प्रमाणित झालेलं मॉडेल घ्यावं असं सांगतात. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांनी या आकड्यांवर फार विसंबू नये. हेलकावेच वेडेवाकडे असतील तर सूत्र काय करणार.

(आणखी एक मजा. पाऱ्याची यंत्रं विषारीपणामुळे दवाखान्यांतून हद्दपार होत आली, पण आकडा अजून मिलिमीटर पाऱ्यातच सांगतात. पारा गेला, एकक राहिलं.)

मग सुरू झाला माझा आठवडा. सात दिवस, सकाळी दोन रीडिंग, रात्री दोन, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण त्या दिवशी माणूस यंत्राला बुजलेला असतो. उरलेल्या चोवीस रीडिंगची सरासरी. बाकीचे नियम कुठल्याही डॉक्टरांच्या मार्गदर्शक तत्त्वांत सापडतील: मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर सपाट, तिढा नाही, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प.

पाच मिनिटं गप्प! आमच्या घरात! मी डायनिंग टेबलाशी पट्टा बांधून बसलो की आईला हमखास काहीतरी आठवायचं. आई शहात्तरची, तिचं माहेर पंचवटीतलं, आणि वाड्यात वाढलेल्या माणसांना शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटतं. "अरे, दुधाची पिशवी आणलीस का?" मी हाताने खूण करायचो. "काय झालं? बोलत का नाहीस? चक्कर येतेय का?" आणि आतून बायको, "आई, त्यांना बोलायचं नाहीये आत्ता." "का? काय केलं मी?" एकदा तेवढ्यात मशीन चालू होतं, १५३/९६ आलं. ते रीडिंग मी खोडलं नाही. आमच्याकडे खोडत नाहीत, शेरा लिहितात. वहीत शेरा आहे: "आई – दूध."

सर्वांत कमी १२६/८० आलं, रविवारी रात्री. एकाच आठवड्यात एकाच माणसाचे १२६ आणि १५३. एखाद्या जॉबची अशी रीडिंगं आली असती तर मी गेजवर लाल स्टिकर मारलं असतं. पण इथे यंत्र ठीक होतं, हलत होता तो जॉब. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याचा दाब थोडा निराळा. झोपेत तो उतरतो, पहाटे चढायला लागतो. "तुझं बीपी किती?" या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तरच नाही, खरं तर. नदीला पाणी किती, असं विचारल्यासारखं आहे. गंगापूर धरणातून सोडलंय की नाही, त्यावर अवलंबून.

चोवीस रीडिंगची सरासरी मी चार वेळा काढली. १४१/८९.

घरच्या मोजणीत १३५/८५ ही सर्वसाधारण हद्द मानतात, दवाखान्यातल्या मोजणीत १४०/९०. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती आणखी खाली, १३०/८० वर आणली. कुठल्याही फूटपट्टीने बघा, मी बाहेर होतो. कँटीनमधलं रीडिंग तेवीस पॉइंटनी फुगलेलं होतं, त्या मुलाचं मोजमाप चुकीचं होतं, सगळं मी म्हटलं तसंच निघालं. आणि तरीही जॉब रिजेक्ट. माझ्या नोकरीत असं दोन-तीनदाच झालंय, की गेज खराब म्हणून तक्रार करायला गेलो आणि चांगल्या गेजने मोजल्यावर जॉबही खराब निघाला. तेव्हा वाद घालायला जागा उरत नाही. कँटीनच्या १६४ शी मी वर्षभर भांडलो असतो. स्वतःच्या हाताने काढलेल्या १४१ शी कसा भांडणार?

डॉक्टर आमच्या भागातलेच, जुने. वही बघून आधी हसले, "आई – दूध" वाचून जास्त. मग त्यांनी दोन्ही हातांना मोजलं. उजव्या हाताला १५२, डाव्याला १४८. पुढे ज्या हाताला जास्त येतं त्याच हाताला मोजायचं म्हणाले.

"पण घरी मला सरासरी १४१ येते, इथे १५२ कसं?"

"मी समोर बसलोय ना," ते म्हणाले.

याचं उत्तम मोजमाप मिलानमध्ये झालेलं आहे, १९८३ साली. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या रोहिणीत सुई ठेवून सतत दाब नोंदवला आणि मग दुसरा डॉक्टर नेहमीसारखा पट्टा घेऊन खाटेपाशी गेला. तो आला की वरचा आकडा सरासरी सत्तावीस पॉइंटने चढायचा आणि पहिल्या काही मिनिटांतच शिखर गाठायचा. याला पांढऱ्या कोटाचं बीपी म्हणतात. नुसतं तेवढंच असेल तर घाईने गोळी लागत नाही. याच्या उलटी जात जास्त लबाड: दवाखान्यात अगदी सरळ आणि घरी, कामावर चढलेलं. मुखवट्याचं बीपी. ते कॅम्पमध्ये सापडतच नाही. घरी मोजण्याचा खरा उपयोग त्यांना.

युरिन, क्रिएटिनिन, ईसीजी सगळं करून घेतलं. ठीक निघालं. मला वाटलं आता म्हणतील, टेन्शन घेऊ नका. डॉक्टरांनी विचारलं, "घरात मीठ किती लागतं?"

मला माहीत नव्हतं. मोजायचा पगार घेणाऱ्या माणसाला आपल्या घरात महिन्याला मीठ किती लागतं ते माहीत नव्हतं. घरी आलो आणि नवीन पाकिटावर पेनने तारीख टाकली. एक किलोचं पाकीट, घरात चार माणसं. सत्तावीस दिवसांनी संपलं. हजार भागिले एकशे आठ, माणशी रोज सव्वानऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचा. थोडं मीठ भाज्या धुण्यात, भाताच्या पेजेत वाया जातं हे मान्य. पण उरलेलं पाकिटात नव्हतंच: लोणचं, पापड, फरसाण, चिवडा, रविवारची मिसळ. नाशिकच्या मिसळीबरोबर पापड येतोच, आणि तो परत पाठवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पापडात मीठ असतंच, वर पापडखार. तोही सोडियमचाच क्षार. शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, सैंधव वापरा, सैंधवाने बीपी वाढत नाही. काकूंचा मान राखून सांगतो, सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असल्याने मूत्रपिंड फसत नाही.

मीठ जास्त गेलं की शरीर रक्तातलं त्याचं प्रमाण राखायला पाणी धरून ठेवतं. नळ्या त्याच, द्रव वाढला. मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर टाकतात, पण काहींची ते काम वाढीव दाबावरच करतात. सगळ्यांच्या बाबतीत फरक सारखा पडत नाही. वय वाढेल तसा जास्त पडतो.

बायकोने यावर एकच अट घातली, की मी स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन यायचं नाही. तिने तिच्या पद्धतीने केलं. कणकेतलं मीठ बंद, ताटातली मिठाची वाटी गेली, लोणच्याची बरणी टेबलावरून वरच्या फळीवर. पहिले पंधरा दिवस आमटी म्हणजे गरम पाणी वाटायचं. महिन्याभराने बाहेरची भाजी खारट लागायला लागली. जीभ सरावते, हे खरंच आहे. आईने मात्र उघड बंड केलं. तिच्या उशाशी कागदात बांधलेलं मीठ सापडलं. मार्चमधलं पाकीट एकेचाळीस दिवस पुरलं. माणशी सहा ग्रॅम आणि थोडं.

डॉक्टरांनी मीठ आणि चालणं यावर दोन महिने दिले होते. सरासरी १३६/८६ वर आली आणि तिथेच अडून बसली. वडिलांचा इतिहास बघून त्यांनी अ‍ॅम्लोडिपिनची लहान गोळी सुरू केली. मी नाराज झालो होतो. हे औषध रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. नळीचा व्यास थोडा वाढतो आणि अडथळा खूप कमी होतो, कारण अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. कूलंटची लाइन टाकणाऱ्या आमच्या फिटरला हे गणित न शिकता माहीत आहे. पाव इंची पाइप टाकला की पंप रडतो.

हेच उलटं डिसेंबरमध्ये दिसलं. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला, इथे सिडकोतही पहाटे दात वाजत होते, आणि माझी सकाळची रीडिंगं सहा-सात पॉइंटने वर. गोळी तीच, मीठ तेच. घाबरून डॉक्टरांना फोन केला. "थंडी आहे," ते म्हणाले. ऊब राखायला त्वचेजवळच्या बारीक नळ्या आवळतात. त्रिज्या दहा टक्के कमी झाली तर त्या नळीतला अडथळा दीडपट होतो. सगळ्या शरीराचा दाब दीडपट होत नाही हे आपलं नशीब. बाकीचे रस्ते उघडे असतात. मी कृषिनगरच्या ट्रॅकवर पहाटे साडेपाचला चालायला जात होतो, ते साडेसातवर आणलं. स्वेटरवरून कानटोपीही. ट्रॅकवरची पेन्शनर मंडळी पहाटेच्या थंडीचं कौतुक करतात, करोत.

आईचं एक सांगायला हवं, कारण या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत जास्त उपयोग तिला झाला. ती बीपीची गोळी बारा वर्षं घेते. सकाळी उठताना तिला अंधारी यायची, एकदा कपाटाला धरून सावरली. आम्ही म्हणायचो, वय झालं. यंत्र घरात होतंच, म्हणून एकदा ती झोपलेली असतानाच पट्टा बांधला: १३८. उभी केली, मिनिटाने परत मोजलं: ११२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर त्याला नाव आहे, आणि ते डॉक्टरांना सांगायचं असतं. आपण उठतो तेव्हा अर्धा-एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडे ओघळतं. मानेतल्या रोहिण्यांमध्ये दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, ती क्षणात खबर देतात, ठोके वाढतात, नळ्या आवळतात. उतारवयात ही खबर उशिरा पोचते, आणि काही गोळ्यांनी आणखी. तिची गोळी बदलली. आता ती पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसते, पाय हलवते, मग उठते. खुर्चीत बसून मोजलेल्या बीपीत हे कधीच दिसलं नसतं. तिथे तिचं नेहमी "छान, कंट्रोलमध्ये" होतं.

हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका किंवा माझी सुरू करू नका. आणि आकडा १८०/१२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ जड होतेय असं असेल, तर पाच मिनिटं गप्प बसून मोजत बसायचं नाही. सरळ दवाखाना.

या ऑगस्टमध्ये परत मेडिकल झालं. मी आधीच एचआरच्या मॅडमना गाठून सांगितलं होतं, की बीपीचं टेबल मोरीजवळून हलवा, कॉन्फरन्स रूममध्ये पाठीच्या सहा खुर्च्या ठेवा, लोकांना आधी तिथे पाच मिनिटं बसवा आणि मोठा पट्टा मागवा. कॅम्पवाले कुरकुरले. अडीचशे माणसं, पाच-पाच मिनिटं, दिवस पुरायचा नाही. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस करा. मी माझी टेप घेऊन दाराशी उभा राहिलो. दंड मोजून कुणाला कुठला पट्टा ते सांगत होतो. लोक म्हणाले, साहेब आता आपल्यालाही स्टिकर लावणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेस शॉपचा एक कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा बसला होता, सव्वीस-सत्तावीसचा, काटक, दंड जेमतेम २६ सेंटिमीटर. पहिलं रीडिंग १५८. तो म्हणाला, "सर, जिना चढून आलो." जिना चढून पंधरा मिनिटं झाली होती. तरी म्हटलं, बस अजून पाच मिनिटं, काही बोलू नकोस, मोबाइल खिशात ठेव. मीही शेजारच्या खुर्चीत गप्प बसलो. परत १५६. एक मिनिट थांबून परत, १५७.

"मशीन बघा ना सर एकदा," तो म्हणाला.

मी सकाळीच बघितलं होतं. तरी त्याच्यासमोर स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. १२८/८२. पट्टा सोडला, आणि माझ्या डॉक्टरांचा नंबर त्याच्या फॉर्मच्या मागे लिहून दिला.